सेटिंगला हात लावू नये

तिला सगळे कंपासताई म्हणायचे आणि तीही ते नाव मिरवायची. कोऱ्या कागदावर पेन्सिल टेकवायची, एका दमात गोल काढायचा, मग त्यावर बशी उपडी ठेवायची आणि समोरच्याला म्हणायचं, बघा, कड कुठे बाहेर डोकावते का. डोकावत नसे. भरतकामाच्या त्या कारखान्यात नवीन कुणी आलं की हा खेळ एकदा व्हायचाच, आणि बशी आणून द्यायला मालकीणबाई स्वतः उठायच्या. कारखाना म्हणायचं ते आपलं मोठेपणाने. एरवी दोन खोल्या. पुढच्या खोलीत कंपासताईचं टेबल, संगणक आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. मागच्या खोलीत भरतकामाची दोन मशिनं, रिळांची मांडणी आणि मास्तर.

काम असं चालायचं. कुणी शाळेचा बिल्ला आणून देई, कुणी हॉटेलाच्या नॅपकिनवर घालायचं चिन्ह. कंपासताई ते संगणकावर काढायची. कुठला टाका कुठे पडेल, कुठल्या दिशेने जाईल, कुठला रंग आधी येईल, सगळं तीच ठरवायची. मग फाईल मागे जायची. मास्तर कापड गोल फ्रेममध्ये ताणून बसवायचे, दोरे ओवायचे आणि बटण दाबायचे. आता, संगणकात आकडे टाकून गोल काढायची सोय होती, नव्हती असं नाही. पण कंपासताईने ती कधी वापरली नाही. आकडे टाकून गोल कुणीही काढेल, असं तिचं म्हणणं. ती माउस हातात धरायची, पडद्याकडे बघायची आणि नजरेने गोल काढायची. एकोणीस वर्षं तिचा गोल गोलच उतरत आला होता, त्यामुळे तिला कोण बोलणार?

बोलायचे ते एकटे मास्तर. त्यांच्या मते ताई रंग फार बदलतात, दोरे बदलता बदलता माणसाचे हात दुखून येतात. ताईच्या मते मास्तर कापड असं बसवतात की जणू वाळत घातलंय. या दोघांचं पटत नाही, असं मालकीणबाई येईल त्याला सांगायच्या. आणि दोघांपैकी एक रजेवर असला की दुसऱ्याला काम सुचत नाही, हेही त्याच सांगायच्या.

एक रीत मात्र दोघांनी कधी मोडली नाही. नव्या नक्षीचा पहिला तुकडा मशीनवरून उतरला की मास्तर तो तळहातावर घेऊन पुढच्या खोलीत येत आणि ताईच्या टेबलावर ठेवत. ती बोट फिरवून बघायची, उलटा करून बघायची आणि मागच्या बाजूला निळ्या खडूने बरोबरची खूण करायची. ती खूण झाल्याशिवाय दुसरा तुकडा लागायचा नाही. मास्तर तोंडाने काही म्हणत नसत, पण खूण झालेला तुकडा परत नेताना त्यांची चाल जरा ऐटबाज व्हायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गोल काढायला तिला आईने शिकवलं होतं. आई हातावर भरतकाम करायची, लोकांच्या उशांचे अभ्रे, टेबलावरची कापडं. त्या एका सुईवर तिने दोन मुली वाढवल्या. पन्नाशीच्या पुढे आईला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसायला लागली. ताट चपटं दिसायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. काम जाईल म्हणून मूग गिळून बसली. वर्षभराने सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. शेवटची दहा वर्षं आई माणसं आवाजावरून ओळखायची आणि कापडावरचं भरतकाम बोटांनी वाचायची. कंपासताईला आता बावन्नावं लागलं होतं. आईची तिला रोज आठवण यायची आणि त्या आठवणीत आभारच जास्त असायचे, पण चौकटीची आठवण झाली की ती हातातलं काम थांबवून दाराकडे एकदा बघून घ्यायची.

तर, एके सकाळी तिचा जुना मॉनिटर गेला. चौकोनी, बुटका, अकरा वर्षं तिच्यासमोर बसलेला. आधी जळका वास आला, मग पडदा काळा झाला. कंपासताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खरोखरच त्याला म्हणाली, "केलंस रे बाबा खूप." मास्तर दारातून बघत होते. त्यांनी त्यावर एकही खोचक शब्द काढला नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

मालकीणबाईंनी दोन दिवसांत नवीन मॉनिटर आणला. साधासुधा नाही, जुन्याच्या दीडपट रुंद, काठ एवढेसे, अंगावर धूळसुद्धा बसू धजणार नाही असा. म्हणाल्या, तू दिवसभर डोळे फोडतेस, तुझ्या डोळ्यांसाठी मुद्दाम मोठा आणलाय. कंपासताईला भरून आलं. एकोणीस वर्षांत मालकीणबाई कधी कुणाला लागेलसं बोलल्या नव्हत्या, पण एवढं मनात ठेवून काही आणतील असं तिला वाटलं नव्हतं. मालकीणबाईंच्या दिरांनी येऊन वायरी जोडल्या, पडदा उजळला, सगळ्यांनी वा वा केलं आणि दीर चहा पिऊन गेले.

जुन्या मॉनिटरच्या कपाळावर एक कापडी पट्टी चिकटवलेली होती. अकरा वर्षांपूर्वी संगणक बसवून देणाऱ्या माणसाने जाताना बजावलं होतं, की सगळं जुळवून ठेवलंय, आता कुणी काही बदलू नका. तेव्हा कंपासताईने हौसेने पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने ते भरून घेतलं: सेटिंगला हात लावू नये. भोवती छोटी वेलबुट्टीही होती. ती पट्टी आता कुणालाच टाकवेना. तिने ती जपून सोडवली आणि नव्या मॉनिटरच्या कपाळावर लावली. नवऱ्या मुलाला हळद लावावी इतक्या प्रेमाने लावली. आणि हाताबरोबर सगळ्यांची अक्कलही तिथेच बांधली गेली, पण ते कळायला पुढे पंधरा दिवस जायचे होते.

नव्या पडद्यावर पहिलं काम आलं ते एका बेकरीच्या एप्रनांचं. मध्ये पाव आणि भोवती गव्हाच्या लोंब्यांचा गोल. अक्षरं जरा फुगीर आणि पुसट दिसत होती, पण नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो असं तिने मनाला सांगितलं. माउस धरला, नजर लावली, गोल काढला. झकास उतरला. फाईल मागे गेली. अर्ध्या तासाने मास्तर तळहातावर तुकडा घेऊन आले आणि टेबलावर ठेवला. गोल कसला, उभं अंडं होतं ते.

"बेकरीचं काम आहे," मास्तर म्हणाले, "चालून जाईल."

ताई भडकली. कापड सैल बसवलं की टाके ते आत ओढतात आणि गोलाचं अंडं होतं, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिने ते मास्तरांना स्वच्छ सुनावलं. मास्तर निमूट मागे गेले. या वेळी त्यांनी कापड असं ताणलं की बोटाने टिचकी मारली तर वाजावं, आणि ते खरंच टिचकी मारून तिला ऐकवून गेले. पुन्हा अंडं. मग त्यांनी जास्त न बोलता एक जुनी फाईल काढली, गेल्या वर्षीचा कुठल्याशा शाळेचा गोल बिल्ला, आणि त्याच कापडावर, त्याच फ्रेममध्ये, त्याच मशीनवर लावला. तो उतरला तो थेट बशीसारखा गोल.

दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. कापडाचा दोष नव्हता, मशीनचा नव्हता. उरली कोण? मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही तुकडे उचलून खिशात घातले. त्यांनी टोमणा मारला नाही, हे तिला लागलं. ते मागे गेल्यावर तिने तीच जुनी फाईल पडद्यावर उघडली. कापडावर गोल उतरलेला बिल्ला पडद्यावर तिला चपटा दिसत होता, वरून दाबल्यासारखा. आईचं ताट असंच चपटं झालं होतं. तिने फाईल झटकन बंद केली.

त्या दिवसानंतर पहिला तुकडा तिच्या टेबलावर आलाच नाही. बेकरीचं काम गेलं, मग एका दवाखान्याच्या टोप्या, मग पोहण्याच्या क्लबचे टॉवेल. ती नक्षी काढायची, फाईल मागे जायची, मशीन खडखडायचं, गठ्ठा बांधून परस्पर गाडीत जायचा. मास्तर पुढच्या खोलीत आले तरी हात हलवत, रिकामे. तीही विचारायला गेली नाही. निळा खडू पेनांच्या डब्यात तसाच पडून राहिला. मास्तरांचा आपल्यावरचा विश्वास उडाला, असं ती समजली. गिऱ्हाइकं तक्रारी करत असतील आणि मालकीणबाई भल्या म्हणून पोटात घालत असतील, असंही समजली. मालकीणबाई रोज विचारायच्या, मोठ्या पडद्याने बरं वाटतंय ना गं डोळ्यांना? ती म्हणायची, खूपच. दुसरं काय म्हणणार? ज्या माणसाने आपल्या डोळ्यांसाठी एवढं केलं, त्याला डोळेच गेले म्हणून कसं सांगायचं?

एकदा संशय शिरला की बघायचं काम नको. खाटेवर पडून बघितलं तर भिंतीवरचं घड्याळ लांबट दिसे. पेल्याचं तोंड वाकडं दिसे. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज तिने दिवसातून चारदा मोजले आणि त्यातला तिसरा तिला दर वेळी थोडा बाहेर आलेला वाटला. (तो होताच बाहेर आलेला. घर बांधल्यापासून होता.) नवरा टपाल वाटायचं काम करायचा. उभा जन्म लोकांच्या दारातले चेहरे वाचण्यात गेलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार? एका सकाळी ती एक डोळा मिटून वाटीकडे बघत होती, मग दुसरा मिटून. तो समोर येऊन बसला. म्हणाला, "काय दिसतंय वाटीत?"

मग तिने सगळं सांगितलं. अंडं, चपटा बिल्ला, बंद झालेला पहिला तुकडा. सांगताना रडली नाही, पण वाटी दूर सारून ठेवली.

"बारा दिवस झाले?" नवरा म्हणाला. "अगं, तुझ्या आईनेही हेच केलं होतं. आणि तू तेव्हा तिला काय म्हणाली होतीस ते आठव."

ती म्हणाली होती, मला आधी का नाही सांगितलंस. नवऱ्याने त्या दिवशी अर्धी रजा टाकली, तिला पुढे घातलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. चौतीस वर्षांच्या संसारात तो फार गोड बोलल्याचं तिला आठवत नव्हतं, पण वाट बघायच्या बाकावर तिचा हात त्याने पाऊण तास सोडला नाही, ते ती पुढे आल्यागेल्याला सांगत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तुटक बोलणाऱ्या होत्या. अक्षरं वाचून घेतली. चौकटीच्या रेघा आखलेला कागद समोर धरला, एकेक डोळा झाकायला लावला आणि विचारलं, कुठली रेघ वाकते का, तुटते का? ताईने जीव एकवटून पाहिलं. एकही वाकत नव्हती. औषधाचे थेंब घातले, उजेड टाकून आतून तपासलं, बराच वेळ तपासलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, की चष्मा जरा बदलू, बाकी डोळे ठणठणीत आहेत. आईचा आजार आलेला नाही, दर वर्षी मात्र दाखवून जायचं.

ताईचा विश्वास बसेना. पण मला गोल अंडं दिसतं, ती म्हणाली. कुठे दिसतं, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कामावर, पडद्यावर. आणि घरी? घरी... घरी तसं नक्की सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. काढा गोल, म्हणाल्या. थेंबांमुळे समोरचं धूसर दिसत होतं. तिने पेन टेकवलं, आईने शिकवलं तसं आधी श्वास सोडला आणि हात फिरवला. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा पाण्याचा पेला रिकामा करून त्यावर उपडा ठेवला. कड कुठेही डोकावली नाही.

"तुमचे डोळे काय फक्त कामाच्या वेळेतच बिघडतात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्याच्याकडे बघता, ते तपासा."

बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि पोटभर रडली. नवरा शेजारी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला, काही नाही, डोळे चांगले निघाले, असं सांगत होता. लोक चमत्कारिक नजरेने बघून पुढे जात होते.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कामावर पोचली. पडद्यावर जुना शाळेचा बिल्ला उघडला आणि मांडणीतली पोलादी पट्टी आणून सरळ काचेवर धरली. आडवं माप सोळा, उभं बारा. पुन्हा धरली. सोळा आणि बारा. म्हणजे तिची नजर तिला बरोबरच सांगत होती. चपटं ते चपटंच होतं. एकोणीस वर्षं ज्या पट्टीला तिने तुच्छ लेखलं, त्याच पट्टीने तिची बाजू घेतली. आता पडदा असं का करतो? मॉनिटरचा खोका मास्तरांनी रिळं ठेवायला नेला होता. त्याच्या तळाशी माहितीपुस्तिका होती, तिला वाचता येईल अशा भाषेत एकच पान. त्यात लिहिलं होतं: नवा पडदा जोडल्यावर संगणक पुष्कळदा जुन्याच पडद्याच्या मापाचं चित्र पाठवत राहतो, ते रुंद पडद्यावर ताणलं जातं, रुंद आणि पुसट दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन नव्या पडद्याचं माप निवडावं. बस्स. चार ओळी. ज्या कुणी त्या लिहिल्या असतील त्याच्या मुलाबाळांना तिने तिथल्या तिथे आशीर्वाद दिला.

सेटिंगमध्ये जाऊन. तिने वर पाहिलं. मॉनिटरच्या कपाळावर लाल दोऱ्यात, वेलबुट्टीसकट, तिच्याच हातचं ते वाक्य लटकत होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या एका चौकोनी मॉनिटरसाठी कुणीतरी दिलेली ताकीद. तो मॉनिटर भंगारात गेला होता, ताकीद मात्र कामावर हजर होती. तिला स्वतःचंच हसू आलं. तिने पट्टी सोडवली, घडी घातली आणि खणात ठेवली.

मग माउस हातात धरला. पडद्याच्या मोकळ्या जागी उजवं बटण दाबलं, पुस्तिकेत दाखवलेली ओळ सापडली, आकड्यांच्या जोड्यांची यादी उघडली. जुन्या जोडीवर खूण होती. सगळ्यात वरच्या जोडीपुढे, हीच घ्यावी, अशा अर्थाचा शब्द होता. तिने ती निवडली. पडदा काळा झाला. मेला, असं वाटून तिने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा समोर बिल्ला होता आणि तो गोल होता. गोल, धारदार, एकेक टाका वेगळा दिसणारा. तो बघण्यात ती इतकी हरवली, की हा बदल ठेवायचा का असं विचारणारी खिडकी उघडली आहे आणि तिच्यात सेकंद उलटे मोजले जात आहेत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सेकंद संपले आणि पडदा आपणहून पुन्हा जुन्या मापावर गेला. बिल्ला पुन्हा चपटा. दुसऱ्या वेळी तिने गोलाकडे बघितलंच नाही. आधी ठेवा म्हणून दाबलं आणि मग बघितलं.

नव्या मापात अक्षरं मुंगीएवढी झाली होती. पुस्तिकेच्या त्याच पानावर त्याचाही उपाय होता. तिने अक्षरांचा आकार शंभरावरून सव्वाशे केला. उजेड डोळ्यांत जात होता, तो कमी केला. मग लाल, हिरवं आणि निळं अशी तीन रिळं आणून काचेला लावली आणि पडद्यावरचे रंग त्यांच्याशी जुळेपर्यंत मॉनिटरच्या खालची बटणं दाबत राहिली. नवा पडदा आता पहिल्यांदा तिचा झाला होता. मालकीणबाईंनी खरंच फार चांगली वस्तू आणली होती, आणि ताई पंधरा दिवस तिच्याकडे शत्रूसारखी बघत होती.

त्या दिवशीचं काम होतं अग्निशमन दलाच्या बिल्ल्याचं, मध्ये शिडी आणि भोवती दोरीचा गोल. तिने नजरेनेच काढला. पट्टी लावून बघायचा मोह झाला, पण तो तिने आवरला. फाईल मागे पाठवली, निळा खडू डब्यातून काढून समोर ठेवला आणि वाट बघत बसली. मशीन सुरू झालं, थांबलं. मास्तर आले नाहीत. तेव्हा ती उठली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मास्तर असताना मागच्या खोलीत गेली.

मास्तर फ्रेमवर वाकून बसले होते. कापडावर अंडं होतं. पण या वेळी आडवं, पसरट, रुंदीला सुटलेलं.

ती तिथल्या स्टुलावर बसली. डॉक्टरीणबाई चुकल्या, पट्टी चुकली, माहितीपुस्तिका चुकली, असं काहीबाही डोक्यात फिरायला लागलं. मास्तरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. ते मशीनच्या आकड्यांच्या छोट्या पडद्याकडे बघत होते आणि तिला तो दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर तळहात ठेवला होता.

"हात काढा, मास्तर," ती म्हणाली.

त्यांनी काढला. मशीनवर नक्षीची रुंदी कमीजास्त करायची सोय असते. उंचीपुढे शंभर लिहिलं होतं, रुंदीपुढे एकशे तेहतीस.

मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. त्या दिवशी जुना बिल्ला गोल उतरला तेव्हा मास्तरांनाही तेच वाटलं जे तिला वाटलं, की तिचे डोळे चालले. आणि तिच्या आईची हकीकत त्यांना माहीत होती. बेकरीच्या एप्रनाचे आठ तुकडे त्यांनी वाया घालवले, घरून कापड आणून, हिशेब कुणी विचारू नये म्हणून. एकशे दहा, एकशे वीस, एकशे तीस असं करत एकशे तेहतीसवर तिचं अंडं गोल झालं. तेव्हापासून तिची प्रत्येक नवी नक्षी मागे आली की ते आधी रुंदी वाढवत आणि मग सुई सुरू करत. गिऱ्हाइकांची एकही तक्रार आली नव्हती, कारण एकही अंडं या खोलीबाहेर गेलं नव्हतं. पहिला तुकडा पुढे आणायचं थांबवलं ते एवढ्यासाठी, की अंडं उतरायचं ते एकाएकी गोल उतरायला लागलेलं दिसलं तर तिला समजलं असतं की कुणीतरी मागून सावरून घेतंय. मालकीणबाईंना यातलं काही माहीत नव्हतं.

"आज काय झालं ते कळेना," मास्तर म्हणाले. "रोजच्यासारखं वाढवलं, तर हे असं."

आज मी बरोबर काढलाय, ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंपासून पोलादी पट्टीपर्यंत, घडी घालून ठेवलेल्या कापडी पट्टीपर्यंत सगळं सांगितलं. मास्तर ऐकत राहिले. मध्येच त्यांनी चष्मा काढला आणि तो स्वच्छ असतानाही शर्टाच्या टोकाने पुसला. मग एकदम हसायला लागले, आणि तीही. दोघांनी मिळून एका मॉनिटरला पंधरा दिवस आजारी माणसासारखं जपलं होतं.

हसणं ओसरलं. ती मनात मोजत होती. दवाखान्याच्या टोप्या, पोहण्याच्या क्लबचे टॉवेल, आणि रोज कुणीतरी तिच्यासाठी दाबलेलं एक बटण.

"आणि माझे डोळे खरंच गेले असते, तर?" तिने विचारलं. "तुम्ही हे किती दिवस केलं असतं?"

मास्तरांनी रुंदीचा आकडा पुन्हा शंभरावर आणला. नवं कापड घेतलं, फ्रेममध्ये बसवलं, चारी बाजूंनी ताणलं, टिचकी मारून बघितली.

"मला निवृत्त व्हायला अजून सात वर्षं आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

सुई सुरू झाली. ती पुढच्या खोलीत गेली नाही, स्टुलावर तशीच बसून राहिली. शिडी झाली, मग दोरीचा गोल पुरा झाला. मास्तरांनी दोरा कापला, तुकडा तळहातावर घेतला आणि रीतसर तिच्यापुढे धरला. तिने त्यावर बोट फिरवलं, उलटा केला आणि मागे निळ्या खडूने खूण केली. डोळे भरून आले होते, त्यामुळे खूण जरा वाकडी झाली. मास्तर तो तुकडा घेऊन दोन पावलांवरच्या मशीनपर्यंत जरा ऐटीतच चालत गेले.